३ मे : तारामतीची रिकामी जागा

दिनविशेषांच्या कोणत्याही यादीत ३ मे हे पान उघडले, की नोंदींची दाटी दिसते. १४६९ मध्ये याच दिवशी फ्लॉरेन्समध्ये निकोलो मॅकियाव्हेली जन्मला. १९३९ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद सोडल्यावर आठवडाही उलटण्याआधी सुभाषचंद्र बोस यांनी फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा केली. १९६९ मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि त्यांच्या जागी कोण, या वादात त्याच वर्षी काँग्रेस पक्ष दुभंगला. १९९१ मध्ये नामिबियातील विंडहुक येथे आफ्रिकी पत्रकारांनी स्वतंत्र वृत्तपत्रांसाठी जाहीरनामा संमत केला. त्याच्या स्मरणार्थ हा दिवस आता जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जातो.

यांतील प्रत्येक नोंद स्वतंत्र धाग्याची धनी आहे. परंतु याच पानावर आणखी दोन ओळी असतात आणि त्या बहुधा एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात. १९१३ : ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित. १९८१ : अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे निधन.

एक वाढदिवस आणि एक स्मृतिदिन. दोहोंची तारीख एकच असणे हा निव्वळ योगायोग आहे, त्यात काही संकेत शोधण्याचे कारण नाही. मात्र या दोन ओळींच्या मध्ये ६८ वर्षे आहेत आणि त्या वर्षांत भारतीय स्त्रीला पडद्यावर जागा कशी मिळाली, याची बरीचशी कथा सामावलेली आहे.

शनिवार, ३ मे १९१३. गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ. त्या काळी केवळ चित्रपटासाठी प्रेक्षक तिकीट काढील, अशी खात्री चित्रगृहाच्या चालकांना नव्हती. त्यामुळे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जोडीला करमणुकीचा भरगच्च बेत जाहीर झाला होता. मिस आयरीन डेलमार यांचे नृत्य, मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू आणि ‘टिप-टॉप’ नावाच्या विनोदी फिती. हे सारे झाल्यावर अयोध्येचा सत्यवचनी राजा.

चित्रपटाची लांबी सुमारे ३७०० फूट, म्हणजे चार रिळे. यंत्र हाताने फिरवावयाचे असल्याने खेळ किती मिनिटांचा, हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे. साधारणपणे पाऊण तासात कथा संपे. दिग्दर्शक धुंडिराज गोविंद फाळके यांना तीनच दिवसांपूर्वी ४३ वे वर्ष पूर्ण झाले होते.

या कार्यक्रमपत्रिकेतील एक विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रंगमंचावर नाचणारी एक जिवंत स्त्री जाहिरातीत होती. पडद्यावर राणी होती, तिच्या सख्या होत्या. परंतु स्त्री एकही नव्हती.

त्या पडद्याकडे वळण्यापूर्वी तारखेचा वाद थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण इतिहासप्रेमी मंडळींत तो दरवर्षी पेटतो. भारतीय चित्रपटाचा जन्मदिवस ३ मेच का? ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा मुंबईतील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी झळकला, म्हणजे ‘हरिश्चंद्र’च्या सुमारे वर्षभर आधी आणि तोही याच कॉरोनेशनमध्ये. एवढेच काय, स्वतः ‘राजा हरिश्चंद्र’ही २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिंपिया थिएटरात निवडक निमंत्रितांना दाखवून झाला होता.

‘पुंडलिक’च्या विरोधात दिला जाणारा मुख्य युक्तिवाद असा, की ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, छायाचित्रकार परदेशी होता आणि फितीवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली. फाळके यांनी मात्र कथा कॅमेऱ्यासाठी रचली आणि फीत घरीच धुतली. हा युक्तिवाद सबळ आहे. तरीही तोरणे यांना तळटिपेत ढकलणे अन्यायाचे ठरते. मुळात कोणताही ‘पहिला’ दिवस निवडताना काय मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. तिकीट काढून आलेल्या सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर दाखवलेला, संपूर्णपणे येथेच घडवलेला कथापट, एवढ्या अटी घातल्या, की ३ मे हाती येतो. अटी बदलल्या, तर तारीख बदलते.

आता तारामतीचा शोध.

फाळके यांची सिद्धता थक्क करणारी होती. गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनात कृष्णचरित्र तरळू लागले. विम्याच्या पॉलिसींवर पैसे उभे करून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले. भांडवलदारांना विश्वास वाटावा, म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फीत सिद्ध केली. दादरला बंगल्यात स्टुडिओ थाटला. आज त्या भागातील रस्ता त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

यंत्र मिळाले, पैसा मिळाला, हरिश्चंद्र म्हणून दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले, रोहिदासासाठी घरचाच मुलगा भालचंद्र मिळाला. तारामती मात्र मिळेना.

वृत्तपत्रांत जाहिराती देऊन झाल्या. कुलीन घरांतून कोणी येईल, ही अपेक्षा फाळके यांनाही फारशी नसावी. मग त्यांनी कलावंतिणींच्या आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या वस्तीत जाऊन विचारणा केली. तेथूनही नकार आला. ज्या स्त्रियांना समाजाने प्रतिष्ठेच्या कुंपणाबाहेर ठेवले होते, त्यांनाही कॅमेऱ्यासमोर उभे राहणे कमीपणाचे वाटले. सिनेमा या शब्दाला त्या काळी काय किंमत होती, हे समजण्यास एवढा एक तपशील पुरे. पुरुष नटांचीही स्थिती फार वेगळी नव्हती. आपण चित्रपटात काम करतो असे न सांगता ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ नोकरी करतो असे सांगावे, असा सल्ला फाळके त्यांना देत. परेश मोकाशी यांच्या २००९ मधील ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले.

अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके फाळके यांच्या नजरेस पडले. सडपातळ बांधा, नाजूक हात. उपाहारगृहात त्यांना महिना १० रुपये मिळत. फाळके यांनी १५ देऊ केले. भारतीय कथापटाची पहिली राणी पाच रुपयांच्या वाढीवर पडद्यावर आली, असे म्हणण्यास हरकत नाही. सख्यांच्या भूमिका करणाऱ्या तरुणांनी मिशा काढण्यास नकार दिला, कारण वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ. त्यांचे मन वळवण्यातही फाळके यांचे दिवस गेले, असे सांगतात.

आजच्या वाचकाला यात हास्यास्पद असे बरेच दिसेल. तत्कालीन प्रेक्षकाला दिसले नाही. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत आणि त्या भूमिकांवर जनता लुब्ध होती. ज्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला, त्याच १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. कित्येक घरांतील स्त्रिया त्यांच्या नेसण्याची आणि दागिन्यांची नक्कल करीत. त्यामुळे साळुंके यांची तारामती कोणाला खटकण्याचे कारणच नव्हते. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘हरिश्चंद्र’ची पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे उरली आहेत. ती १९१३ ची नसून फाळके यांनीच १९१७ मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीची आहेत, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. त्यांत हौदात जलक्रीडा करणाऱ्या राणीचा आणि सख्यांचा प्रसंग आहे. ओल्या साड्यांतील तो सारा मेळा पुरुषांचा. पुढे हिंदी चित्रपटाने ओल्या साडीचे जे काही केले, त्याची सुरुवात अशी झाली!

पडद्यावर स्त्री नव्हती, म्हणून चित्रपटात स्त्री नव्हती, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गहाण पडले, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांचे श्रम मात्र फारसे कोणाला ठाऊक नसतात. त्या काळी कच्ची फीत कडेला छिद्रे न पाडलेली येई. अंधारात बसून यंत्राने ती छिद्रे पाडणे, फीत धुण्याची रसायने मिसळणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश वळवणे आणि हे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधणे, अशी त्यांची दिनचर्या होती. तारामतीसाठी फाळके यांनी त्यांनाही विचारले होते, असे सांगितले जाते. त्यांनी नकार दिला. अंगावरच्या कामांची ही यादी पाहता त्या नकाराचे नवल वाटू नये. पहिल्या भारतीय कथापटाच्या तंत्रविभागात एक गृहिणी होती, हे वाक्य दिनविशेषाच्या यादीत अजून तरी दिसत नाही.

तारामतीची जागा फार काळ रिकामी राहिली नाही. फाळके यांनी त्याच वर्षी पुढचा चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’ हाती घेतला आणि त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, तर मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई. पतीपासून विभक्त होऊन एकट्याने मुलीला वाढवणाऱ्या दुर्गाबाईंनी पोटासाठी फिरत्या नाटक मंडळीचा रस्ता धरला होता. अशा स्त्रीची समाजाने काय संभावना केली असेल, ते वेगळे सांगण्याची गरज नाही. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या. पुढे त्या कमलाबाई गोखले म्हणून नावारूपाला आल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. गोखले घराण्याचा अभिनयाचा वारसा सांगताना आरंभ या दोघी मायलेकींपासून करणे उचित. फाळके यांच्या घरातही बदल झाला होता. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये आणि १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. पुरुषाने राणी साकारल्यानंतर पाचच वर्षांत मुलीने देव साकारला.

येथून मुंबईबाहेर, बनारसकडे वळावे लागते. फाळके ज्या वर्गातील स्त्रियांकडून नकार घेऊन परतले होते, त्याच परंपरेतील एक गायिका पुढे चित्रपटसृष्टीत आली आणि नटी होऊनच थांबली नाही. तिचे नाव जद्दनबाई. कोठ्यावरील गायनाच्या परंपरेत वाढलेल्या जद्दनबाईंनी १९३० च्या दशकात बोलपटांत प्रवेश केला, ‘संगीत फिल्म्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि १९३५ च्या ‘तलाश-ए-हक’ची निर्मिती करून त्याला संगीतही दिले. चित्रपटाला संगीत देणाऱ्या भारतातील आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. फाळके यांना नकार मिळाला, त्याला तेव्हा पंचवीस वर्षेही झाली नव्हती. आवाज आल्यावर चित्रपटाला गाणाऱ्या गळ्यांची गरज भासली आणि तालीम घेतलेले गळे ज्यांच्याकडे होते, त्या स्त्रियांसाठी दार उघडले. सभ्यतेच्या कल्पना अचानक उदार झाल्या, असे मानण्यास आधार नाही. गरजेने ते काम केले.

‘तलाश-ए-हक’मध्ये सहा वर्षांची एक मुलगी होती. श्रेयनामावलीत नाव होते बेबी नर्गिस. तीच जद्दनबाईंची कन्या, जन्म १ जून १९२९, कोलकाता.

पुढचा आलेख परिचित आहे. १९४३ मध्ये मेहबूब खान यांच्या ‘तकदीर’ची नायिका. १९४९ मध्ये ‘बरसात’ आणि ‘अंदाज’, १९५१ मध्ये ‘आवारा’. राज कपूर यांच्यासह तिची छबी सोव्हिएत रशियात घराघरांत पोहोचली. आणि मग २५ ऑक्टोबर १९५७ : ‘मदर इंडिया’.

तारामती आणि ‘मदर इंडिया’तील राधा यांना शेजारी उभे केले, की ४४ वर्षांतील अंतर डोळ्यांत भरते. तारामती पतीच्या वचनासाठी विकली जाते, मुलाचे शव मांडीवर घेते आणि अखेरीस पतीच्याच तलवारीखाली मान ठेवते; देव प्रकटतो म्हणून वाचते. राधाच्या गोष्टीत देव येत नाही. पती परागंदा झालेला, शेत सावकाराच्या घशात, मुले भुकेली. शेवटी शस्त्र तिच्याच हातात असते आणि न्यायासाठी ती स्वतःच्या मुलावर गोळी झाडते. दोन्ही कथा त्यागाच्याच आहेत आणि स्त्रीकडून त्यागाखेरीज दुसरे काही मागण्याची कल्पना चित्रपटाला अजून सुचली नव्हती, असा आक्षेप रास्त आहे. तरीही निर्णय कोणाचा, हा फरक लहान नाही.

ऑस्करच्या परभाषी विभागात नामांकन मिळवणारा ‘मदर इंडिया’ हा पहिला भारतीय चित्रपट. नर्गिस यांना १९५८ मध्ये कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी चित्रपटातील मुलगा सुनील दत्त यांच्याशी विवाह झाला. चित्रीकरणात लागलेल्या आगीतून त्यांनी नर्गिस यांना वाचवले होते. ज्या घराण्याकडे ‘बाईचा कोठा’ म्हणून बोट दाखवले गेले, त्याच घराण्यातील मुलीचा चेहरा स्वतंत्र राष्ट्राने ‘भारतमाता’ म्हणून स्वीकारला. ही गोष्ट आज अंगवळणी पडली आहे. ती घडली तेव्हा साधी नव्हती.

‘रात और दिन’साठी १९६७ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या, ‘उर्वशी’ पुरस्काराच्या पहिल्या मानकरी. सीमेवरील जवानांसाठी दत्त दांपत्याच्या अजंठा आर्ट्स पथकाने कार्यक्रम केले. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या स्पास्टिक्स सोसायटीशी त्या जोडल्या गेल्या. १९८० मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या चित्रपट अभिनेत्री. सत्यजित राय भारताचे दारिद्र्य परदेशात दाखवतात, ही त्या काळातील त्यांची टीका मात्र पटण्याजोगी नव्हती, आणि राधाच्या दारिद्र्यावर जगभर नावाजल्या गेलेल्या अभिनेत्रीने ती करावी, हे तर अधिकच विचित्र. थोर व्यक्तीच्या स्मृतिदिनी असे काही आठवू नये, हा संकेत इतिहासाच्या कामाचा नाही.

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर न्यूयॉर्कमध्ये उपचार घेऊन त्या परतल्या आणि रविवार, ३ मे 1९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची ५२ वर्षे पूर्ण होण्यास महिना उरला होता. पुत्र संजय दत्त यांचा पहिला चित्रपट ‘रॉकी’ आठवडाभरातच प्रदर्शित झाला. त्याच्या पहिल्या खेळाला चित्रगृहात एक खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती.

२०१३ मध्ये शताब्दी आली. त्या ३ मे रोजी दिल्लीत साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे वितरण झाले, त्याच दिवशी चार दिग्दर्शकांचा ‘बॉम्बे टॉकीज’ प्रदर्शित झाला, आणि पुढील काही वर्षे राष्ट्रीय पुरस्कारांसाठी हीच तारीख राखून ठेवली गेली. शंभर वर्षांच्या त्या सोहळ्यात फाळके सर्वत्र होते. नर्गिसही एका अर्थी तेथे होत्या, कारण राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जात असे.

२०२४ च्या फेब्रुवारीत सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांची नियमावली जाहीर झाली, तेव्हा त्या पुरस्काराच्या नव्या नावात नर्गिस दत्त हे शब्द नव्हते. पदार्पणाच्या चित्रपटासाठीच्या पुरस्कारातून इंदिरा गांधी यांचे नावही त्याच वेळी गेले. दादासाहेब फाळके पुरस्काराचे नाव पूर्वीचेच आहे, आणि त्याच्या मानकऱ्यांच्या यादीत पहिली नोंद १९६९ ची आहे : देविका राणी.